फुकटचा खेळ आणि जाहिरातीचा पैसा



आजचा विषय आहे मोबाईलवर फुकट दिसणाऱ्या चित्रांचा, म्हणजे ज्यांना आपण सगळे ‘व्हिडिओ’ म्हणतो त्यांचा. गाणी, कीर्तने, क्रिकेटचा सामना, कपाशीवरच्या अळीची माहिती, सातवीच्या गणिताचा पाठ, सारे काही बोट लावले की समोर येते. पाहणाऱ्याकडे कुणी तिकीट मागत नाही. मध्ये मध्ये जाहिरात येते, तेवढी सोसली की झाले. मग मनात येते, की एवढ्या जाहिरातींवर हा सारा प्रपंच चालतो तरी कसा? खरोखर चालतो, की कुणी पदरचे घालून चालवतो? आणि पदरचे घालणारा थकला म्हणजे काय होते? हा प्रश्न मुंबईच्या व्यापाऱ्यांपुरता नाही, बरं का. ज्या गावात शेतकरी आणि गुरुजी दोघेही या फुकटच्या चित्रावर विसंबू लागले आहेत, त्या गावाचाही तो प्रश्न आहे.

प्रथम ‘फुकट’ या शब्दाचा अर्थ नीट पाहू. जत्रेत तमाशाचा फड येतो. सारे गाव रात्रभर बसून पाहते, तिकीट नसते. म्हणून तो फुकट असतो का? पुणे जिल्ह्यात नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावची पंचमंडळी तिथे जातात, सुपारी ठरवतात आणि इसार देऊन येतात. ती सुपारी गावाच्या वर्गणीतून दिलेली असते. पाहणाऱ्याला फुकट, पण गावाला फुकट नाही. तोच फड कनात लावून बसला, तर दारावर तिकीट घ्यावे लागते. म्हणजे पैसे कुणीतरी दिलेलेच असतात. कोणी दिले एवढाच फरक.

रेडिओचेही तसेच होते. एके काळी रेडिओ घरात ठेवायचा तर पोस्टात जाऊन परवान्याचे पैसे भरावे लागत. पुढे जाहिरातीचा तिसरा मार्ग आला. आकाशवाणीच्या विविध भारतीवर १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे आणि नागपूर येथून जाहिराती सुरू झाल्या. दूरदर्शनवर त्या १९७६ साली आल्या. सुपारी गावाने देण्याऐवजी साबणवाल्याने दिली, आणि त्याबदल्यात फडाच्या पुढे त्याच्या नावाची पाटी लागली, असा हा व्यवहार. मोबाईलवरच्या चित्रातही व्यवहार हाच आहे. मग अडचण कुठे येते?

अडचण अशी, की रेडिओ म्हणजे दवंडी आहे आणि मोबाईलचे चित्र म्हणजे टपाल. दवंडीवाला चावडीपुढे उभा राहून ओरडला, की दहा जणांनी ऐकले काय नि दोनशे जणांनी ऐकले काय, त्याचा घसा तेवढाच कोरडा पडतो. हे भाषण आणखी एका गावात लागले, म्हणून केंद्राचा खर्च काही वाढत नाही. टपालाचे तसे नाही. दोनशे घरांना पत्र धाडायचे तर दोनशे पत्रे, दोनशे तिकिटे. इंटरनेटवरून चित्र पाहणाऱ्या प्रत्येकाकडे ते चित्र वेगळे पाठवावे लागते. त्यासाठी यंत्रांच्या मोठाल्या कोठ्या लागतात, वीज लागते, तारा लागतात. जितके पाहणारे जास्त, तितका पाठवण्याचा खर्च जास्त. गर्दी वाढली म्हणजे नफाच वाढला, असे इथे म्हणता येत नाही.

म्हणूनच दूरदर्शनची ‘फ्री डिश’ ही सेवा इतकी वर्षे मासिक वर्गणीवाचून चालू शकली. छत्री आणि डबा एकदा विकत घेतला की झाले. उपग्रह वरून एकदाच पाऊस पाडतो, तो ज्याच्या अंगणात पडेल त्याचा. खासगी वाहिन्या तिथे जागा मिळवण्यासाठी लिलावात बोली लावतात आणि ते पैसे जाहिरातीतून काढतात. ही दवंडीची रीत आहे, आणि दवंडीला जाहिरात पुरते.

आता जाहिरातीचा पैसा कसा मोजतात ते पाहू. इंटरनेटवर जाहिरातीचा दर हजारावर असतो. हजार वेळा दाखवली की इतके रुपये. हा दर देशागणिक, विषयागणिक, हंगामागणिक बदलतो. आपल्याकडचा दर अमेरिकेतल्या दरापेक्षा पुष्कळच कमी आहे, कारण जाहिरात देणारा पाहणाऱ्याच्या खिशाकडे बघून बोली लावतो. कोणत्या माणसाला कोणती जाहिरात दाखवायची, याचा लिलाव यंत्रे क्षणार्धात करतात.

इथवर आलेला पैसा समजला. आता चित्र मिळवण्याचा खर्च. इथेच साऱ्या प्रश्नाचे मर्म आहे, आणि ते शेतकऱ्याला चटकन कळेल.

दुसऱ्याची जमीन कसण्याच्या दोन रीती आपण जाणतो. एक वाट्याची. कुणी तिला अर्धेली म्हणतात, कुणी बटाई. जमीन एकाची, राबणे दुसऱ्याचे, आणि पीक आले की दोघांनी वाटून घ्यायचे. बुडाले तर दोघांचे बुडाले. दुसरी रीत खंडाची. पाऊस पडो न पडो, ठरलेला खंड मालकाला मोजून द्यायचा. पीक उदंड आले तर खंडाने घेणारा तरतो. नाही आले तर त्याच्या घरातली भांडी बाहेर निघतात.

फुकटच्या चित्रांचे धंदेही याच दोन रीतींचे आहेत.

वाट्याच्या रीतीचे मोठे उदाहरण म्हणजे यूट्यूब. अमेरिकेत २००५ साली तीन तरुणांनी ते सुरू केले. त्यावरची पहिली चित्रफीत २३ एप्रिल २००५ ची आहे. पुढच्याच वर्षी, २००६ साली, गूगल कंपनीने ते १६५ कोटी डॉलरला विकत घेतले. तेव्हा पुष्कळ लोक म्हणाले, हा पांढरा हत्ती पोसणार कोण? त्यांचे म्हणणे अगदीच पोकळ नव्हते. २००९ साली क्रेडिट स्वीस या बँकेच्या जाणकारांनी असा अंदाज बांधला होता, की त्या एका वर्षात यूट्यूबला सुमारे ४७ कोटी डॉलर तोटा येईल. टपालाचा खर्च मोठा आणि जाहिराती थोड्या, असा तो काळ होता.

पण तिथे एक गोष्ट २००७ पासूनच रुजू लागली होती, ती वाट्याची. चित्रफीत करणारा आपले बी-बियाणे, आपली मेहनत घेऊन येतो. गूगल त्याला शेत देते आणि टपालाचा खर्च सोसते. जाहिरातीचे पैसे आले, तर मोठ्या चित्रफितीच्या बाबतीत शंभरातले ५५ करणाऱ्याचे आणि ४५ कंपनीचे. नाही आले, तर कंपनीला त्या चित्रासाठी कुणाला छदाम द्यावा लागत नाही. इतकेच नव्हे, तर वाटेकरी होण्यालाही उंबरठा आहे. २०१८ पासून जाहिरातीच्या वाट्यासाठी १,००० सदस्य आणि वर्षभरात ४,००० तास पाहिले जाणे ही अट आहे. अगदी छोट्या चित्रफितींसाठी वेगळा हिशेब आहे. तोवर घाम तुमचा आणि शेत त्यांचे.

या रीतीने काय झाले ते आकडे सांगतात. २०१९ साली यूट्यूबच्या जाहिरातींची आवक १,५१५ कोटी डॉलर होती. २०२४ साली ती ३,६१५ कोटी डॉलरवर गेली. त्यातून करणाऱ्यांचा वाटा आणि पाठवण्याचा खर्च वजा जातो, आणि निव्वळ नफा कंपनी वेगळा जाहीर करीत नाही. पण इतकी वर्षे वाढतच गेलेला हा धंदा पांढरा हत्ती राहिलेला नाही, हे उघड आहे. तरीही त्यांनी सारा भार जाहिरातीवर ठेवलेला नाही, हेही ध्यानात घ्या. जाहिरात नको असेल तर महिन्याचे पैसे भरा, अशी सोय आहे, आणि मार्च २०२५ पर्यंत चाचणीवर घेणारे धरून १२ कोटी ५० लाख लोक त्या सोयीत आले होते.

आता खंडाची रीत. यासाठी परदेशी जायला नको. आपल्या आयपीएल क्रिकेटचेच बघा.

जून २०२२ मध्ये क्रिकेट नियामक मंडळाने २०२३ ते २०२७ या पाच हंगामांच्या प्रक्षेपणाचा लिलाव केला. भारतात इंटरनेटवरून सामने दाखवण्याचा हक्क रिलायन्सच्या गटातल्या वायकॉम १८ या कंपनीने सुमारे २३,७५८ कोटी रुपयांना घेतला. लिलावाच्या वेळी पाच वर्षांत ४१० सामने धरले होते. भागाकार करा: एका सामन्याला जवळजवळ ५८ कोटी रुपये. हा झाला खंड. पाहणारे येवोत न येवोत, तो मोजायचाच.

आणि कंपनीने २०२३ व २०२४ या दोन्ही हंगामांत जिओसिनेमावर सामने फुकट दाखवले. लोक लोटले. २९ मे २०२३ च्या अंतिम सामन्याला एका वेळी ३ कोटी २० लाख प्रेक्षक होते असे कंपनीने सांगितले. शेजारचा दुकानदार फुकट वाटू लागला, म्हणून दुसऱ्यालाही हात सैल करावा लागला. डिस्ने हॉटस्टारने २०२३ चा आशिया चषक आणि विश्वचषक मोबाईलवर फुकट दाखवला. १९ नोव्हेंबर २०२३ च्या अंतिम सामन्याला त्यांच्याकडे एका वेळी ५ कोटी ९० लाख माणसे होती.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, पुढचा हिशेब वर्गात फळ्यावर घालण्याजोगा आहे. दर मी उदाहरणासाठी धरतो, तो बाजारातला नेमका दर समजू नये. समजा, जाहिरात हजार वेळा दाखवण्याचे २०० रुपये मिळतात. म्हणजे एका वेळेला २० पैसे. ५८ कोटी रुपये वसूल करायचे, तर जाहिरात किती वेळा दाखवावी लागेल? २९० कोटी वेळा. एक माणूस पहिल्या चेंडूपासून शेवटपर्यंत हलला नाही, आणि त्याने ६० जाहिराती पाहिल्या असे धरू. तर अशी किती माणसे लागतील? सुमारे ४ कोटी ८३ लाख. अंतिम सामन्याला नव्हे, तर प्रत्येक सामन्याला, मंगळवारच्या रात्रीलासुद्धा. आणि यात अजून टपालाचा खर्च धरलेला नाही, समालोचकांचा नाही, यंत्रांचा नाही. मुलांना सांगावे, दर ४०० रुपये धरून पुन्हा करा, १०० रुपये धरून करा, माणूस अर्ध्यावर उठून गेला असे धरून करा. गणितही होईल आणि शहाणपणही येईल.

मग एवढा मोठा व्यापारी हे ओळखत नव्हता का? पुरते ओळखत होता. पण त्याच घराण्याचा दुसरा धंदा डेटा विकण्याचा आहे. सामना फुकट, पण तो पाहायला लागणारा डेटा फुकट नाही. शिवाय गिऱ्हाईक एकदा अंगवळणी पडले, की पुढे दार लावता येते. तसेच झाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये हे दोन्ही दुकानदार एकत्र आले. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी दोहोंची मिळून जिओहॉटस्टार ही एकच सेवा सुरू झाली, आणि त्या वर्षीच्या आयपीएलमध्ये थोडा वेळ फुकट पाहून झाल्यावर वर्गणी भरा, असा निरोप पडद्यावर दिसू लागला. त्या वेळची सर्वांत कमी वर्गणी तीन महिन्यांना १४९ रुपये होती, आणि एवढे भरूनही जाहिराती होत्याच. जिओच्या ठरावीक रिचार्जबरोबर ९० दिवसांची वर्गणी जोडून दिली गेली. म्हणजे सुपारीचा भार अखेर रिचार्जच्या रूपाने पाहणाऱ्याच्या अंगावर आला.

हे आपल्याकडेच घडले असेही नाही. अमेरिकेत हुलू नावाची सेवा २००८ साली लोकांना खुली झाली. मोठ्या वाहिन्यांच्या खर्चिक मालिका तिथे जाहिरातीवर फुकट दिसत. दोनच वर्षांनी तिने पैसे घेऊन पाहण्याची सोय काढली आणि २०१६ च्या ऑगस्टमध्ये फुकटचे दार बंद केले. उलट नेटफ्लिक्स, जी जाहिरातीला शिवत नव्हती, तिने नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहिराती घेऊन स्वस्त वर्गणी ठेवली. एक फुकटाकडून निघाला, दुसरा तिकिटाकडून निघाला, आणि दोघे वाटेत एकाच ठिकाणी भेटले: थोडे पैसे आणि थोड्या जाहिराती. मात्र ट्यूबी नावाची सेवा, जिचा मुख्य साठा जुन्या चित्रपटांचा आणि मालिकांचा आहे, ती फुकटच राहिली. फॉक्स कंपनीने ती २०२० मध्ये घेतली आणि २०२५ च्या अखेरीस ती नफ्यात आल्याचे सांगितले. माल स्वस्त असला की जाहिरात पुरते, याचा हा दाखला.

तेव्हा आपल्या प्रश्नाचे उत्तर असे येते. जाहिरातीच्या पैशावर फुकटचे चित्र चालू शकते, पण ते वाट्याच्या शेतासारखे चालवले तर. मोठा खंड भरून आणलेले चित्र नुसत्या जाहिरातीवर फार दिवस फुकट राहत नाही. असे काही फुकट मिळत असेल, तर तो पेरणीचा काळ आहे, कापणी पुढे आहे, असे समजून चालावे.

हे उत्तर कळून आपल्याला काय करायचे आहे? तीन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, घरखर्चाची. पडद्यावर ‘फुकट’ लिहिलेले असले तरी रिचार्ज आपला असतो. चांगल्या प्रतीचे चित्र तासाला साधारण एक जीबी डेटा खाते. घरात तीन मोबाईल असले तर तीन रिचार्ज. महिन्याकाठी ती रक्कम वहीत मांडून पाहावी. केबलच्या बिलाशी ताडून पाहावी.

दुसरी गोष्ट, सुपारी कोण देतो ती पाहण्याची. ज्याची सुपारी त्याचा फड. क्रिकेटच्या प्रक्षेपणात पैसे लावून खेळायच्या खेळांच्या जाहिरातींचा कित्येक वर्षे सुळसुळाट होता. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून असे ऑनलाइन पैशाचे खेळ आणि त्यांच्या जाहिरातीही बंद केल्या. पण तोवर किती घरांतले तरणे पोर त्या नादाला लागले होते, हे तुम्ही गावात पाहिलेच असेल. फुकटच्या सामन्याची किंमत कुणाच्या तरी घरी अशी वसूल होत होती. आणि एका कायद्याने जाहिरातीचा एवढा मोठा ओघ आटतो, यावरूनही हे उत्पन्न किती बेभरवशाचे आहे ते दिसते.

तिसरी गोष्ट विशेषतः गुरुजनांसाठी. जाहिरातीचा पैसा गर्दीमागे धावतो. समजा, तुमच्यासारख्याच एखाद्या शिक्षकाने दोन दिवस खपून भूमितीचा एक सुंदर मराठी पाठ चित्रित केला. तो १५,००० वेळा पाहिला गेला. पाठ म्हणून हे यश केवढे! हजाराला ४० रुपये हाती पडतात असे धरले, तर त्याला मिळाले ६०० रुपये. तेवढ्यात दिव्याचा आणि कॅमेऱ्याचा खर्चही निघत नाही. उलट थिल्लर गमतीची चित्रफीत पंधरा लाख वेळा पाहिली जाते. म्हणजे जाहिरात जे पोसते ते वाईटच असते असे नाही, पण थोड्यांच्या उपयोगाचे जे असते, ते जाहिरात पोसत नाही. एका तालुक्याच्या जमिनीपुरता सल्ला, एका इयत्तेचा एक कठीण धडा, कोरकू किंवा भिल्ली बोलणाऱ्या मुलांसाठी केलेली गोष्ट, यांना गिऱ्हाईक थोडे. म्हणून त्यांची सुपारी गावानेच, म्हणजे सरकारने आणि समाजाने दिली पाहिजे. तशी सोय काही प्रमाणात आहे. ‘दीक्षा’ आणि ‘स्वयम्’ या दोन्ही व्यवस्था २०१७ साली सुरू झाल्या. बालभारतीच्या पुस्तकांवरची चौकोनी खूण मोबाईलने टिपली की दीक्षेवरचे पाठ उघडतात. प्रसार भारतीने २० नोव्हेंबर २०२४ रोजी गोव्यातल्या चित्रपट महोत्सवात ‘वेव्हज’ हे आपले व्यासपीठ सुरू केले. तिथे दूरदर्शन आणि आकाशवाणी दोन्ही सापडतात.

तेव्हा गुरुजी, खासगी ठिकाणचा पाठ चांगला असेल तर जरूर दाखवा. चांगले कुठूनही घ्यावे. पण वर्षभराची आखणी त्याच्यावर टांगून ठेवू नका. तो उद्या वर्गणीच्या दाराआड जाईल, किंवा करणाराच परवडत नाही म्हणून हात झटकेल. जे लागणारच आहे ते सरकारी साठ्यात आहे का ते आधी पाहा. तिथे उतरवून घेण्याची सोय असेल तर शाळेच्या यंत्रात उतरवून ठेवा. आणि नसेल तर ते तिथे यावे म्हणून केंद्रप्रमुखांकडे, पालक सभेत, ग्रामसभेत मागणी करा. सुपारी आपली असेल तरच कोणता वग लावायचा हे आपल्याला सांगता येते.

शेतकरी बंधूंना एवढेच सांगणे, की चित्र पाहताना एक डोळा चित्रावर आणि एक डोळा सुपारी देणाऱ्यावर असू द्यावा. औषधाच्या दुकानदाराने सुपारी दिलेली असेल, तर अळीवरचा उपायही त्याच्याच बाटलीत निघतो. तो उपाय कृषी सहायकाला किंवा कृषी विज्ञान केंद्राला विचारून मगच शिवारात न्यावा.